उठून पाणी पिण्याइतका वेळ

आमच्या घराचं दार भिंतीत उघडतं असं शाळेतल्या मुली म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. उंबऱ्यापासून हातभरावर सिमेंटच्या ठोकळ्यांची उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडं बंगल्यांचे प्लॉट. ती भिंत येण्याआधी आम्ही दारातून सरळ घोटावड्याच्या रस्त्याला लागायचो. नंतर मागून, नाल्याच्या कडेनं वळसा घालून जावं लागायचं. एका पावसाळ्यात त्या वळशावर आईचा पाय घसरला, मनगट मोडलं आणि कंपनीच्या कॅन्टीनमधलं पोळ्या लाटायचं काम गेलं. दादा, म्हणजे माझे वडील, पिरंगुटच्या एका कारखान्यात माल चढवायला जायचे. बोलावणं आलं तर काम, नाहीतर दिवसभर ओट्यावर, भिंतीकडं तोंड करून. आई एका हातानं भाकरी थापायची. ती कधी गोल व्हायची नाही. वाकडी भाकरी खाऊन आम्ही शाळेत जायचो आणि तिच्याविषयी कुणी काही बोलायचं नाही.

भिंत जमिनीच्या ज्या पट्टीवर उभी राहिली ती चुलत्यांच्या नावावर होती. चुलते काही खुळे नव्हते. पण उन्हाळ्याचे दिवस होते. प्लॉट पाडणाऱ्यांच्या एका गोडबोल्या माणसानं त्यांना एसी लावलेल्या गाडीत बसवलं, थंड पाजलं आणि त्याच बैठकीत सही घेतली. येण्याजाण्याच्या वाटेचं काय, असं चुलत्यांनी विचारलं होतं म्हणे. "ते बघू की नंतर, घरचंच आहे," असं उत्तर मिळालं. कागदावर वाट नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला, दादांनी घातलेला. "सही एका बैठकीत करायची न्हाई. उठायचं, भाईर जायचं, पानी प्यायचं, मग यायचं. तवर समोरचा निवांत बसला तर बोलायचं पुढं. चुळबुळ कराया लागला की पेन ठिवून द्यायचं." हळूहळू सगळी भावकी तसं करू लागली. पुढं कळलं की आमच्या भागात अशी बरीच घरं आहेत. कुणी पाणी पितं, कुणी गुरांना वैरण टाकून येतं, कुणी उगाच चप्पल घालून रस्त्यापर्यंत जाऊन येतं. प्रत्येक घराची कुठली ना कुठली पट्टी गेलेली आहे.

मी आमच्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. कॉलेजच्या प्रवेशाच्या कागदावर सही करताना मी उठले तेव्हा खिडकीतला क्लार्क ओरडला होता, "ओ ताई, लाइन आहे मागं!" मी पाणी पिऊनच आले. नोकरीच्या वेळी एचआरची मुलगी फोनवर म्हणाली, "जस्ट एक क्लिक करायचंय, आत्ताच करून टाक ना." त्या 'आत्ताच'मुळं मी संध्याकाळपर्यंत केलं नाही.

हिंजवडीतल्या त्या कंपनीत मी टेस्टर होते, कॉन्ट्रॅक्टवर. माझं काम सांगायला सोपं आहे. वेबसाइट किंवा अ‍ॅप लोकांच्या हातात द्यायचं, शेजारी बसायचं, ते कुठं अडतात ते बघायचं आणि लिहून आणायचं. मदत करायची नाही. त्याला युजेबिलिटी म्हणतात. आई म्हणायची, "मानूस अडलेला बघत बसायचा पगार देत्यात व्हय?"

तर त्या वर्षी एका क्लायंटचं भाडेकराराचं अ‍ॅप आमच्याकडं आलं. आमच्या पट्ट्यात आता घरोघरी खोल्या भाड्यानं दिलेल्या असतात. विदर्भातली, खानदेशातली मुलं हिंजवडीत कामाला येतात आणि भूगावात, घोटावड्यात राहतात. त्यांचे करार एजंट करून देतो. या अ‍ॅपवर घरमालकानं ते स्वतः करायचे. सगळं एकाच पानावर. पूर्वी इंटरनेटवर बटण दाबलं की पान पांढरं व्हायचं आणि नवीन यायचं. आता तसं नाही. पान तेच राहतं, आतल्या आत बदलतं. दिसायला देखणं. दादांना दाखवलं तर ते म्हणाले, "पांढरं व्हायचं तवा कळायचं तरी काय तरी झालं म्हणून. ह्ये गपचूप करतंय." मला तेव्हा हसू आलं होतं.

भूगावातल्या एका काकूंकडं मी टेस्ट घ्यायला गेले. नवरा गेलेला, मुलगा नाशकात, वरच्या मजल्यावर खोल्या. मी दिलेल्या मोबाईलवर काकूंनी एका बोटानं सगळं भरलं, स्वतःचं नाव, भाडेकरूचं नाव, किती महिन्यांचा करार ते. कुठंही अडल्या नाहीत. शेवटी करार वाचून 'मान्य आहे' दाबायचं होतं. काकूंनी तो सावकाश वाचला, मोबाईल खाटेवर पालथा ठेवला आणि आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. मुलाला फोन लावल्याचाही आला. मी बसून राहिले.

त्या चहा घेऊन आल्या आणि मोबाईल उचलला.

"ह्ये काय? कुटं ग्येलं सगळं?"

"काकू, वेळ संपली त्याची."

"कुनाची?"

"म्हणजे सेशनची. बराच वेळ काही दाबलं नाही की ते बंद होतं. पहिल्यापासून भरावं लागेल."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. कागद घेऊन आलेल्या माणसांकडं दादा तसं बघतात.

"तू कुनाच्या बाजूची गं?"

"मी नुसती बघायला आलेय, काकू."

"बघाया आलेली लई बघितल्यात आमी. चा घे." आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

पुढच्या घरांतही असंच झालं. सगळं व्यवस्थित भरायचं आणि शेवटच्या पायरीवर उठून जायचं. आमच्या टेस्टच्या पद्धतीत जो उठून गेला त्याच्यापुढं 'सोडून गेला' असं लिहायचं असतं. मी तसंच लिहिलं, खाली कारणही लिहिलं. वर पोचलं ते फक्त 'सोडून गेला'.

आमचे टीम लीड मूळचे लातूरचे, बावधनला फ्लॅट घेतलेले. कधी आवाज चढवायचे नाहीत, आणि म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटायचा नाही. एकदा कॉफी घेताना त्यांनी सांगितलं की क्लायंट गावांसाठी 'एजंट मोड' आणतोय. करार एजंट भरणार, मालकानं मोबाईलवर आलेला ओटीपी तेवढा सांगायचा.

"सर, म्हणजे त्या काकूंचा करार दुसराच माणूस भरणार आणि काकू फक्त नंबर सांगणार?"

"त्यांना तेच सोपं पडतं ना. अटेन्शन टिकत नाही त्यांचं."

"विचारलं का त्यांना?"

"टेस्ट घेतली की आपण. तूच तर घेतलीस."

हे लागलं. माझ्याच टेस्टवरून माझ्याच माणसांच्या हातातलं पेन काढून घेणार होते. घरी सांगितलं तर दादा जेवता जेवता थांबले. "मंजी परत गाडीत बसायचं?" म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

मी सरांना मेल केला. टेस्टमध्ये काय झालं ते सविस्तर लिहिलं आणि एजंट मोड चुकीचा आहे असंही लिहिलं. आठवडाभर उत्तर नाही. मग ते माझ्या खुर्चीपाशी आले. "वेबवाल्यांची एक कॉन्फरन्स आहे. रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन्स, म्हणजे ही आतल्या आत बदलणारी पानं, आणि युजेबिलिटी असा विषय आहे. क्लायंटचे प्रॉडक्ट हेड येणारेत. तू बोल तिथं."

मी टेस्टर, त्यातून कॉन्ट्रॅक्टवरची. मला कशाला पुढं करताहेत? चूक निघाली तर ती माझी व्हावी म्हणून? वेळापत्रक आलं तेव्हा संशय वाढला. माझं भाषण जेवणानंतर लगेच, म्हणजे लोक पेंगायच्या वेळी. नाव दिलं होतं 'गावाकडचा युजर'. आयोजकांपैकी एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी साखरेतला. "तुम्ही नऊवारीत आलात तर काय छान वाटेल! फोटोही सुंदर येतील."

"बाकीचे काय घालून येणारेत?" मी विचारलं.

"बाकीचे... म्हणजे नेहमीचंच."

"मग मीही नेहमीचंच घालते."

कॉन्फरन्स मुळशीच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टमध्ये होती, आमच्या घरापासून फार लांब नाही. मी दादांच्या गाडीवर मागं बसून गेले. ते मला फाट्यावर सोडून कामाला गेले. गेटवर वॉचमन होता, आमच्याच बाजूचा.

"कामाला का? मागचं गेट हाय."

"भाषण द्यायला आलेय."

"कुनाचं?"

"माझं."

तो हसला. मग माझ्या गळ्यातलं कार्ड हातात धरून, लांब करून वाचलं. "कोन्च्या गावची तू?" मी सांगितलं. "आगं मग सांगायचं न्हाई व्हय आधी! जा, म्होरनंच जा. आन् जेव चांगलं. आमाला हितं डबाच हाय."

आत थंडगार हॉल, काचेतून पाणी दिसणारा. सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. दृष्टी नसलेला माणूस वेबसाइट कशी ऐकतो ते एकानं दाखवलं, ते मी विसरणार नाही. पण सकाळचं मुख्य भाषण होतं ते असं: चांगल्या अ‍ॅपमध्ये माणसाला कुठं थांबावंसं वाटता कामा नये. एका पायरीवरून दुसरीवर तो घसरत गेला पाहिजे. "डोन्ट लेट देम थिंक," वक्ता म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. विचार करायला वेळच देऊ नका. मला ती एसी लावलेली गाडी दिसली. इथं ती फक्त काचेची होती आणि पाण्याकाठी होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्यानं बघितलं, बघू दे म्हटलं.

जेवताना माझं लक्ष सरांकडं. ते क्लायंटच्या प्रॉडक्ट हेडसोबत एका टेबलाशी बसले होते, डोकी जवळ आणून. हसले दोघं. माझ्याबद्दल असणार, असं मी धरलंच. भाषणाच्या आधी लॅपटॉप उघडला तर माझी मुख्य स्लाइड नव्हती. कुणी कुठल्या पायरीवर उठलं, हे जिच्यावर होतं तीच.

मी सरांपाशी गेले. "सर, स्लाइड कुठाय?"

"मी काढली."

असं सरळ. काढली. परत घालायला वेळ नव्हता. माझं नाव पुकारलं जात होतं, तेही चुकीच्या आडनावानं.

मी स्टेजवर गेले. समोर खरंच लोक पेंगत होते. स्लाइडशिवाय काय बोलावं सुचेना. मग मी ते अ‍ॅपच उघडलं, मोठ्या पडद्यावर. म्हटलं, मी घरमालक आहे, वरची खोली भाड्यानं देतेय. नाव भरलं, पत्ता भरला, भाडेकरू भरला. करार आला. 'मान्य आहे' असं हिरवं बटण आलं.

"आता मी जरा पाणी पिऊन येते," असं म्हणून मी स्टेजवरून उतरले.

टेबलावर बाटली होती, पण मी ती घेतली नाही. मधल्या वाटेनं चालत दाराबाहेर व्हरांड्यात गेले. तिथं पाण्याचा जार होता. ग्लास भरला आणि सावकाश प्यायले. कॉलरला माइक तसाच आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. माझा घोट घोट आवाज सगळ्या हॉलमध्ये जात होता. एक वेटर ट्रे घेऊन आला. "मॅडम, चहा?" मी म्हटलं, "नको, माझं भाषण चालू आहे." आतून एवढा हशा आला की वेटर दचकला. मग हशा थांबला. मी आणखी एक ग्लास भरला आणि तोही सावकाश संपवला.

मी परत आत आले तेव्हा कुणी पेंगत नव्हतं. पडद्यावर कोरं पान होतं, पहिल्या पायरीचं.

"मी नसताना काय झालं?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "त्यानं विचारलं, तुम्ही अजून आहात का? मग आकडे उलटे मोजले. आणि सगळं पुसून टाकलं."

"मी होते," मी म्हटलं. "पाणी पीत होते."

मग मी सांगितलं. आमच्या भागात सही एका बैठकीत करत नाहीत. समोरच्याला तपासतात. तो निवांत बसला तर त्याच्याशी व्यवहार करतात, चुळबुळ केली तर नाही. जे उठून गेले ते सोडून गेले नव्हते. ते तुम्हाला तपासत होते. तुम्ही चुळबुळ केलीत. आणि आता तुम्ही म्हणताय की त्यांच्या जागी एजंट बसवतो. चुळबुळ न करणारा माणूस बनण्यापेक्षा मधे दलाल घालणं तुम्हाला सोपं वाटतंय.

हे मी असंच बोलले, मराठीत. इंग्रजीत एवढं स्पष्ट मला बोलता आलं नसतं.

क्लायंटचे प्रॉडक्ट हेड उभे राहिले. गोरे, चष्मेवाले, नम्र. "पण हा सिक्युरिटीचा प्रश्न आहे. उघडं पान तसंच ठेवता येत नाही. उद्या कुणी दुसऱ्यानं उचललं तर?"

"मग दार लावून घ्या," मी म्हटलं. "परत आल्यावर ओटीपी मागा. आम्ही देऊ. पण दार लावायचं म्हणून घरातलं सामान कशाला बाहेर फेकता?"

पुन्हा हशा झाला, पण वेगळा. ते बसले. नंतर कुणीतरी विचारलं की मग किती वेळ थांबायचं? मी म्हटलं, घरातल्या माणसांना विचारून येण्याइतका. कुणाचं माणूस नाशकात असतं.

चहाच्या वेळी प्रॉडक्ट हेड माझ्याकडं आले. "हे आम्हाला आधी का नाही कळवलं?"

"कळवलं होतं. मेल आहे."

त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी हातातल्या सामोशाकडं.

परतताना सरांनी पिरंगुटपर्यंत गाडीतून सोडतो म्हटलं. मी एसी बंद करायला लावला आणि काच खाली घेतली. गाडी रस्त्याला लागली. मग विचारलं, "स्लाइड का काढलीत?"

"ती असती तर तू ती वाचून दाखवली असतीस. आणि कुणी ऐकलं नसतं."

"की क्लायंटला राग येईल म्हणून?"

पुढं एक डंपर चालला होता. सरांनी आधी त्याला ओलांडलं. मग म्हणाले, "दोन्ही धर."

मी दोन्ही धरलं. आजही मला त्यांचं नक्की कळलेलं नाही. ते माझ्या बाजूचे होते की वारा बघत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून काढायचा प्रयत्न करते आणि निघत नाही. पण त्यांनी माझा तो मेल दुसऱ्या दिवशी क्लायंटला पाठवला, वरती दोन ओळी लिहून, आणि त्या ओळींमध्ये काम माझं आहे असं लिहिलं होतं. मी त्या ओळी परत परत वाचल्या. कुठं फट सापडते का ते बघत होते. सापडली नाही.

क्लायंटनं पुन्हा टेस्ट घ्यायचं ठरवलं. नवं पान कसं असावं ते मला आखायला सांगितलं आणि मी आखलं. अर्धवट सोडलं तरी भरलेलं सगळं तसंच राहील, परत आल्यावर फक्त ओटीपी लागेल. आणि 'तुम्ही अजून आहात का' हा प्रश्न काढून टाकला, तो मी काढायला लावला. मी पुन्हा भूगावच्या काकूंकडं गेले आणि अ‍ॅप आता त्यांच्याच मोबाईलवर घातलं. काकूंनी भरलं, वाचलं आणि मोबाईल खाटेवर पालथा ठेवला. या खेपेला त्यांनी मुलाला नुसता फोन केला नाही. तो शनिवारी येईल तेव्हा बघू, म्हणाल्या. मी रिकाम्या हातानं परत आले. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आगं, हाय की सगळं जागच्या जागी!"

"हो काकू."

"पोरानं बी वाचलं. एक ओळ बदलाय सांगितली त्यानं, ती बदलली. आन् दाबलं म्या." मग थोडं थांबून, "तू कुनाची गं, घोटावड्याकडची न्हवं? तरीच."

क्लायंटनं एजंट मोड सक्तीचा केला नाही. ज्याला हवा त्यानं घ्यावा असं ठेवलं. आमच्याकडं फारच थोड्यांनी घेतला.

दादांनी भिंतीच्या बाजूला जिना काढून वर एक खोली बांधली होती. तिच्यात अकोल्याकडचं एक नवं जोडपं राहायला आलं. तो करार दादांनी स्वतः भरला. मी घरात होते, पण मला त्यांनी हात लावू दिला नाही. त्यांना चार दिवस लागले. मधे त्यांनी तो आईला वाचून दाखवला आणि चुलत्यांना बोलावून तेही ऐकवलं. चुलत्यांनी पाणी भरायचं कुणी आणि जिना वापरायचा कुणी, असे दोन प्रश्न विचारले. दोन्ही करारात लिहिले गेले.

त्या अ‍ॅपवर आता आमच्या पट्ट्यातले घरमालक आपले करार आपण भरतात. मधे एजंट लागत नाही. ते पान मी डिझाइन केलेलं आहे आणि कंपनीत मी आता डिझायनर म्हणून कायम आहे.